एका दिवसाच्या तीन सह्या

मला सही करायची खोड आहे. कुठं वही उघडी दिसली आणि शेजारी पेन दिसलं की हात आपोआप पुढं होतो. मागं एकदा नातीच्या शाळेत तिचा निकाल आणायला गेले आणि टेबलावरच्या शिक्षकांच्या मस्टरवर झोकात सही ठोकून आले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा निरोप आला, आजींना नोकरी पाहिजे आहे का? घरातले सगळे आठवडाभर हसत होते. मीही हसले. पण या खोडीनंच एकदा माझी नोकरी जायची वेळ आणली होती आणि शेवटी ती कायमची मिळवूनही दिली होती, हे त्या हसणाऱ्यांना माहीत नाही. म्हणून लिहून ठेवते.

ही खोड लावली आमच्या मोठ्या बाईंनी. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी नर्स म्हणून लागले. दवाखान्याच्या गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या डॉक्टरसाहेबांची नातवंडं आता डॉक्टर आहेत आणि माझ्या गुडघ्यांचं औषध त्यांच्याचकडून येतं. यवतमाळ जिल्ह्यातलं, दिग्रसहून एस.टी.नं तासाभराचं, एवढं पुरे. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सिस्टर. बुटक्या, रुंद, चालायला लागल्या की वॉर्डातले पेशंट आपोआप सरळ होऊन झोपायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ना वॉर्ड दाखवला ना औषधांचं कपाट. थेट हजेरीच्या पुस्तकापुढं उभं केलं.

"पोट्टे, आईक. डॉक्टरनं केलेलं काम दिसते. आपलं दिसत नाई. पेशंट बरा झाला का डॉक्टरनं केला, आन् मेला का नर्सनं लक्ष देलं नाई. म्हून जिथी ड्युटी, तिथी सही. सुई टोचली, सही. पट्टी बदलली, सही. आली, सही. गेली, सही. समजलं?"

मला समजलं, पण मला हसू आलं. मला तेव्हा कशाचंही हसू यायचं. एकविसावं वर्ष होतं, अंगावर कडक कांजीचा पांढरा फ्रॉक होता, डोक्यावर टोपी होती, आणि दिग्रसच्या बाजारात माझे अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की माझी पोरगी सरकारात लागली. अब्बा मेकॅनिक. कापसाच्या जिनिंगची इंजिनं, मालट्रक, शेठजींच्या जुन्या मोटारी, सगळं दुरुस्त करायचे. आमच्या मोहल्ल्यातली मी पहिलीच मुलगी नर्स झालेली. लोकांनी अब्बांना खूप ऐकवलं. अब्बांनी त्यांना एकच सांगितलं, "मेरी बेटी का हात साफ है. मशीन के लिये लगता है, आदमी के लिये नहीं लगता क्या?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून हासून राह्यली?"

मी म्हटलं, "बाई, हसले त्याचीपण सही करू का?"

त्या दिवसापासून आमचं जमलं.

आमच्या दवाखान्यातल्या जुन्या चादरींवर मध्यप्रदेशाचा शिक्का होता. छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेव्हाच्या चादरींवर मुंबईचा. साठ साली महाराष्ट्र झाला, त्याच्या चादरी अजून यायच्या होत्या. चादरींनी निदान दोन राज्यं पाहिली, नर्सांची मंजुरी मात्र पहिल्या शिक्क्यापाशीच अडकून पडलेली. खाटा वाढल्या, बाळंतिणींची खोली वाढली, लोकांचा दवाखान्यावरचा भरवसा वाढला, पण कायम नर्स एकच, मोठ्या बाई. माझं पद टेम्पररी. ते दर मार्चअखेर मरायचं आणि वरून कागद आला तर पुन्हा जन्माला यायचं. त्या वर्षी कागद येणार नाही अशी कुणकुण होती. पदांना पैसा नाही, वर कमिटी बसणार, कुठं किती नर्सा लागतात ते ठरवणार, मग बघू, असं हेडक्लार्क दात कोरत सांगायचा.

मला नोकरी जाण्याची भीती वाटायची, हे कबूल करते. पगाराचं एवढं नव्हतं, अब्बांच्या घरी मला जेवण मिळालंच असतं. पण सकाळी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन वॉर्डात शिरलं की चाळीस माना माझ्याकडं वळायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "आली वो आपली हासणारी सिस्टर." त्या एका वाक्यासाठी मी अनवाणी दिग्रसहून चालत आले असते.

बाईंनी अर्ज लिहिला होता. आसपासच्या तीन दवाखान्यांतल्या आम्ही सहा नर्सा, सहा जणींच्या सह्या. मागण्या तीनच. खाटा मोजून नर्सांची पदं द्या आणि त्यांच्या पगाराची तरतूद बजेटात कायमची करा. टेम्पररी आहेत त्यांना कायम करा. आणि दवाखान्यांचा विचार करायला जी कमिटी बसेल तिच्यात एक तरी नर्स बसवा. तिसऱ्या मागणीला डॉक्टरसाहेब इतके हसले की त्यांचा स्टेथोस्कोप टेबलावरून खाली पडला. तो उचलूनही मीच दिला. अर्ज तीनदा गेला, योग्य मार्गानं, म्हणजे डॉक्टरसाहेबांकडून हेडक्लार्ककडं, आणि तिथून कुठं ते कुणालाच माहीत नाही.

आणि जानेवारीत एका सकाळी कमिटी खरंच येणार असल्याचा कागद आला.

आता डॉक्टरसाहेब माणूस वाईट नव्हते. हात हलका, पेशंटवर कधी ओरडणार नाहीत. पण कुणी मोठं माणूस येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. आणि आमच्या त्या तिन्ही दवाखान्यांत एक जुनी रीत होती, उसनवारीची. साहेब तपासणीला आले की एका दवाखान्याच्या बऱ्या चादरी दुसऱ्याकडं जायच्या. फुलझाडांच्या कुंड्या जायच्या. एकदा वजनकाटा गेला तो परतच आला नाही. या वेळी तिघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं की नर्सासुद्धा फिरवायच्या. कमिटी सकाळी आमच्याकडं, दुपारी नदीकाठच्या दवाखान्यात, आणि संध्याकाळच्या आत जिनिंगजवळच्या दवाखान्यात जाणार होती. म्हणजे सहाही जणी सकाळी आमच्या वॉर्डात. कमिटी चहाला बसली की दवाखान्याच्या गाडीत बसून आडवाटेनं पुढं. पुन्हा सहा जणी दारात उभ्या. मग तिसरीकडं.

"दवाखाना कसा भरलेला दिसला पाहिजे, सिस्टर," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"साहेब," बाई म्हणाल्या, "त्यायनं इथी सहा नर्सा पाह्यल्या, तर आणखी कायले देतीन?"

"अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"आन् मार्चात या पोट्टीले घरी धाडतीन, तो?"

डॉक्टरसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण कमिटीपुढं आपला दवाखाना ओकाबोका दिसणं त्यांना जास्त लागत होतं. "हा माझा हुकूम समजा," एवढं म्हणून ते उठले.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, "आता काय! हुकूम हाय. कांजी कर."

आता खरं सांगायचं तर तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस होता. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. सहा जणी कधी एकत्र येतच नव्हतो. एक दवाखाना सोडून दुसरीकडं जाईल कोण? आणि आज सरकारी हुकमानंच जत्रा भरलेली. सकाळी आमच्या दारात सहा पांढऱ्या टोप्या ओळीनं उभ्या राहिल्या तेव्हा चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "बाप्पा! मी मेलो का काय? येवढ्या पऱ्या!"

मी तोंडात पदर घालावा तर फ्रॉकला पदर नाही. ट्रे तोंडापुढं धरला.

कमिटीचे अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर होते, नागपूरकडचे, जाड काचांचा चष्मा, आवाज अगदी मऊ. मी त्यांना फुलाचा गुच्छ दिला. त्यांनी विचारलं, "नाव काय बेटा? किती दिवस झाले इथं?" मी नाव सांगितलं, दीड वर्ष म्हटलं. "छान, छान," ते म्हणाले आणि पुढं गेले. त्यांच्यामागून त्यांचा क्लार्क वहीत लिहीत चालला होता, नर्सा सहा.

ते चहाला बसले आणि आम्ही पळालो. ड्रायव्हरचाचांनी गाडी आधीच चालू ठेवली होती. मोठा रस्ता जिनिंगला निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांनी भरला होता, त्यात कमिटीची मोटार अडकणार हे चाचांना ठाऊक होतं. त्यांनी गाडी तुरीच्या शेतामधून घातली. टोप्यांची कांजी मोडू नये म्हणून आम्ही सहाही टोप्या एका टोपलीत ठेवल्या होत्या आणि ती टोपली बाईंच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला टोपली वर, बाई वर, मग बाई खाली, मागून टोपली खाली. नाल्यात पाणी गुडघाभर होतं. चाचा म्हणाले, "पकड के बैठो बहनो, अभी कमिटी को दिखाना है के तुम लोग कितने हो." मी हसता हसता बाईंच्या खांद्यावर पडले. बाई रागावल्या होत्या, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, पण नाल्याच्या मधोमध गाडी तिरपी झाली तेव्हा त्यांच्याही पोटातून एक आवाज निघाला आणि मग आम्ही सहाही जणी अशा हसलो की चाचांना गाडी थांबवावी लागली.

नदीकाठच्या दवाखान्यात पोचलो तर तिथं एक बाई अडलेली. तिथल्या दोन्ही नर्सा सकाळपासून आमच्याकडं दाखवायला ठेवलेल्या, मग तिच्याजवळ कोण होतं? झाडूवाली. हसणं एकदम थांबलं. बाईंनी मला खूण केली. मी हात उकळत्या पाण्यानं धुतले आणि आत गेले. मुलगी झाली, खणखणीत रडली. मी तिला पुसून आईजवळ दिली, बाहेर येऊन टेबलावरच्या हजेरीच्या पुस्तकात नाव, वेळ आणि सही केली. विचार केलाच नाही. ड्युटी केली होती ना! टोपी घातली, दारात उभी राहिले आणि कमिटी आली.

अध्यक्षांना मी पाण्याचा पेला दिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नाव काय बेटा? किती दिवस झाले इथं?"

मला वाटलं, ओळखलं. मी नाव सांगितलं. खरं तेच बोलले, दीड वर्ष. "छान, छान."

ओळखलं नव्हतं. तीन तासांपूर्वी त्यांनी माझ्या हातातून गुच्छ घेतला होता.

तिसऱ्या दवाखान्यात मी एका पोळलेल्या हाताचं ड्रेसिंग केलं, पुस्तकात सही केली, आणि अध्यक्षांनी हात धुतले तेव्हा टॉवेल धरून उभी राहिले. ते हात पुसत म्हणाले, "नाव काय बेटा?" मी नाव सांगितलं आणि धावत पडद्यामागं गेले. हसू आवरेना. बाई मागोमाग आल्या. मला वाटलं फटका बसणार. पण त्या मला पाहत उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तोंड पाह्यतच नाई ना वो कोणी आपलं."

मग मला हसू आलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी यवतमाळहून पत्र आलं. कमिटीचा क्लार्क पदांची यादी करायला बसला आणि तिन्ही दवाखान्यांची हजेरीची पुस्तकं मागवून नावं उतरवू लागला, तर एक नाव तीनदा आलं. एकाच तारखेला, एकाच हाताची सही, सकाळी इथं, दुपारी तिथं, संध्याकाळच्या आधी तिसरीकडं. बाकी पाच जणींनी आपापल्या दवाखान्यातच सही केली होती, त्यांना कळलं होतं की हा दिवस कागदावर न यायचा दिवस आहे. शहाण्या होत्या त्या. मोठ्या बाईंनी स्वतःसुद्धा दुसरीकडं कुठं केली नव्हती, का ते मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "मी कुठी ड्युटी केली? मी टोपली सांभाळली." डॉक्टरसाहेब आणि मी, दोघांनी कमिटीपुढं येऊन खुलासा करावा, असं पत्रात होतं.

डॉक्टरसाहेबांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तुला सही करायला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "बाईंनी."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, हो म्हणून. मग मला घेऊन बाहेर गेल्या आणि मी ढसाढसा रडले. टेम्पररी माणसाला काढायला मार्चसुद्धा लागत नाही, एक ओळ पुरते, हे मला हेडक्लार्कनं आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मीबी येईन संगं. मले बोलावलं नाई, पण येईन."

यवतमाळला जायच्या दिवशी वॉर्डात कोण थांबणार हा प्रश्न होताच. शेवटी डॉक्टरांच्या बायकोनं पदर खोचला आणि आयाबाईबरोबर दिवसभर वॉर्डात बसली. मला अजून तिचं कौतुक वाटतं.

यवतमाळला व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. बाईंनी मांडीवर पर्स घट्ट धरली होती. आत बोलावलं तेव्हा समोर हिरव्या कापडाचं लांबच लांब टेबल, भोवती साहेब बसलेले, आणि टेबलावर तीन हजेरीची पुस्तकं उघडी. डॉक्टरसाहेबांना खुर्ची दिली. आम्ही उभ्या.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही? ही सुद्धा?"

"हो, तिन्ही माझ्याच."

"एक माणूस एका दिवशी तीन दवाखान्यांत कसा काय?"

मी डॉक्टरसाहेबांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांनी मान खाली घातली. मग मी सांगितलं. हुकूम सांगितला, गाडी, तुरीचं शेत, टोप्यांची टोपली, नाला, सगळं. भीतीनं बोलायला लागले की मला थांबता येत नाही. टोपलीपर्यंत आले तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले एक सभासद रुमाल तोंडाला लावून हलायला लागले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत.

"पण मी स्वतः तिन्ही ठिकाणी होतो," ते म्हणाले. "मला कशा दिसला नाहीत तुम्ही?"

"साहेब, दिसले ना," मी म्हटलं. "तुम्ही मला तिन्ही वेळा विचारलं, नाव काय बेटा. मी तिन्ही वेळा सांगितलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं, आता घरी. मग ते एकदम हसले, त्या मऊ आवाजाचा माणूस एवढं मोठं हसेल असं कुणाला वाटलं नसतं, आणि टेबलाच्या टोकाच्या सभासदांनी रुमाल सोडून दिला.

हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "आणि तुम्ही सगळ्या तिकडं होतात तेव्हा तुमच्या वॉर्डात कोण होतं?"

"आयाबाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "आन् देव. नदीकाठी तर अडलेल्या बाईजवळ झाडूवाली होती. ही पोट्टी तिथी टायमावर पोचली म्हून वाचली ते."

आता कुणीच हसलं नाही. अध्यक्षांनी शिपायाला हाक मारली, "दोन खुर्च्या आणा." खुर्च्या आल्या. मी बसले, बाई बसल्या, आणि बसल्याबरोबर बाईंनी पर्स उघडून अर्ज टेबलावर ठेवला.

एक सभासद म्हणाले, "असा थेट कमिटीपुढं अर्ज येत नसतो सिस्टर. योग्य मार्गानं यायला पाहिजे."

"योग्य मार्गानं तीनदा धाडला साहेब," बाई म्हणाल्या. "तो अजून मार्गातच हाय."

मग तासभर त्यांनी बाईंना विचारलं आणि बाईंनी सांगितलं. कुठल्या वेळी किती बाळंतिणी असतात, सुया उकळायला किती वेळ जातो, एका नर्सला ताप आला तर काय होतं, पोरींना ट्रेनिंगला पाठवून परत आल्यावर पद नाही म्हणून घरी बसवणं कसं मूर्खपणाचं आहे. त्यांना रजा मिळून किती वर्षं झाली असं कुणी विचारलं तर त्या म्हणाल्या, "लगन झाल्यावर एकदा गेलती." डॉक्टरसाहेबांनीसुद्धा मान वर करून दोन वाक्यं आमच्या बाजूनं बोलली. ती मी त्यांच्या नावावर जमा धरते.

सभा उठली. क्लार्कनं हजेरीचा कागद एकेका सभासदापुढं फिरवला, सगळ्यांनी सह्या केल्या. तो आमच्यासमोरून पुढं नेऊ लागला तेव्हा बाईंनी त्याच्या हातातला कागद धरला.

"बाई, ही सभासदांसाठी आहे. तुम्हाला फक्त विचारायला बोलावलं होतं."

"मले बोलावलंबी नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण मी तासभर इथी ड्युटी केली. जिथी ड्युटी, तिथी सही."

क्लार्कनं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी खिशातलं आपलं पेन काढून बाईंपुढं धरलं. बाईंनी सावकाश सही केली आणि पेन माझ्याकडं दिलं. आयुष्यातली सगळ्यात वाकडी सही मी तिथं केली.

पुढं फेब्रुवारी गेला, मार्च गेला, वरून काही आलं नाही. एकतीस मार्चला माझं पद मेलं. पेशंटांनी मला निरोप दिला. चार नंबरच्या खाटेवर आता दुसराच म्हातारा होता, तोही रडला. मी पत्र्याची पेटी घेऊन दिग्रसला आले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "बैठ के क्या सोचती, ये बोल्ट खोल." मी बोल्ट खोलले. रडत खोलले, आणि एक जड पाना निसटून अब्बांच्या पायावर पडला तेव्हा हसतही खोलले.

एप्रिल संपत आला होता. दुपारची वेळ, मी एका मालट्रकखाली निम्मी आत होते, हात कोपरापर्यंत काळे. समोर पांढरे बूट येऊन थांबले. बुटके, रुंद पाय. मी खालूनच ओळखले.

मी सरपटत बाहेर आले. मोठ्या बाई पूर्ण ड्रेसमध्ये, टोपीसकट, एस.टी.तून उतरून भर उन्हात आमच्या गॅरेजमध्ये उभ्या होत्या. हातात लिफाफा. माझ्या तोंडून लिफाफ्याबद्दल शब्द निघाला नाही. माझ्या तोंडून निघालं, "बाई, वॉर्डात कोण आहे?"

बाईंचे डोळे भरून आले, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"दोघी हायत," त्या म्हणाल्या. "दोन नव्या पोट्ट्या कालच हजर झाल्या. आन् मी रजेवर हाय. आजच्या दिवस."

त्यांनी कागद काढला. मला नोकरीची ओळ शोधायची होती, पण त्यांनी बोट दुसरीकडं ठेवलं आणि म्हणाल्या, आधी हे वाच. ती सभेच्या इतिवृत्ताची नक्कल होती. वर 'उपस्थित' असं टाइप केलेलं, खाली साहेबांची नावं आणि हुद्दे, आणि सगळ्यात शेवटी दोन नावं. त्यांचं आणि माझं. नावांपुढं 'परिचारिका'. त्याच्याखाली ठराव होते, जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या विचारासाठी बसणाऱ्या कमिटीत एक परिचारिका घ्यावी हा त्यातला एक. अब्बा मागून वाकून वाचत होते. मराठी त्यांना अडखळत यायचं, पण माझं नाव त्यांनी बरोबर वाचलं आणि मोठ्यानं वाचलं.

दुसरा कागद मी कायम झाल्याचा होता. हजर होण्याच्या रिपोर्टवर सही लागणार होती आणि ती बाईंना संध्याकाळच्या एस.टी.नं परत न्यायची होती. अब्बा माझ्या हातांचं वंगण काढायला रॉकेलचा डबा आणायला धावले, पण मला कुठला धीर! मी माझ्या मळक्या कुडत्याला हात पुसले, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. अंगठ्याचं काळं वंगण कागदाला लागलं. बाई म्हणाल्या, राहू दे. तो कागद माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत होता, आणि त्यावरचा डाग काही निघाला नाही.